कोंतनहळ्ळीचं सांडपाणी

माणसाला पाणी किती लागतं हे त्याला विचारून कळत नाही, असं सरकारचं मत झालं होतं. विचारलं की तो जास्त सांगतो. म्हणून पासष्ट साली खेड्यांच्या पाण्याचा जो नवा कायदा आला, त्यात एक सरळ युक्ती काढली होती. गावातून घाण पाणी किती बाहेर पडतं ते मोजायचं. पाच घागरी पाणी घरात गेलं की चार घागरी सांडपाणी बाहेर येतं, असं शास्त्र आहे. तेव्हा चार मोजायच्या आणि पाच धरायच्या. तेवढं पाणी गावाचं. तळ्यात त्याहून जास्त असेल ते शिल्लक, आणि शिल्लक पाणी सरकारचं. कायदा करणारी माणसं शहाणी होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी नळ होता.

कोंतनहळ्ळी बेंगळुराहून जाताना आनेकलच्या अलीकडे, मोटार थांबते तिथून पाऊण तास चालत. साठ उंबरे, त्यातले वीस-बावीस मराठ्यांचे. हे मराठे तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून आले होते. पुढे घोडी गेली, नाचणी राहिली. घरात मराठी, शेतात कानडी आणि भांडताना दोन्ही.

त्यांच्यातलं मालोजीचं घर नीरगंट्याचं. तळ्याच्या बांधात दगडी तोंड असतं, त्याला तूब म्हणतात. त्या तुबाचा लाकडी बूच उघडायचा, लावायचा आणि पाटाचं पाणी शेताशेताला वाटून द्यायचं, हे नीरगंट्याचं काम. मालोजीच्या घरात ते पाच पिढ्या होतं. त्याबद्दल दर खळ्यावरून एक पेंढी मिळे आणि वर्षातून एकदा मान मिळे. हंगामात तूब पहिल्यांदा उघडला की तोंडातून येणारी पहिली ओंजळ नीरगंट्याने सगळ्यांसमोर प्यायची. मग गावाने पाटात पाय घालायचा. ओंजळ प्याल्याशिवाय कुणी फावडं उचलत नसे. मालोजी पंचावन्न वर्षांचा होता आणि त्याच्या पोटात अशा तीस ओंजळी गेल्या होत्या.

गावाच्या वरच्या माळावर एका कारखान्याची कॉलनी झाली होती. तीनशे बिऱ्हाडं, प्रत्येकाला दोन नळ, आणि नळाला पाणी नाही. खाली कोंतनहळ्ळीचं तळं दिसत होतं. माघ लागला तेव्हा शानभोग हयवदनराव, म्हणजे गावचे कुलकर्णी, चावडीत सगळ्यांना बसवून कागद वाचते झाले. पुढच्या गुरुवारी पाणीखात्याचे साहेब गटाराची पाहणी करायला येणार. तळ्यात शिल्लक निघाली तर कॉलनीचा पंप तळ्यात बसणार आणि तुबाच्या तोंडात सिमेंट भरलं जाणार.

खालच्या भाताचं काय, असं कुणीतरी विचारलं. हयवदनरावांनी तेही आधीच लिहून विचारलं होतं. उत्तर आलं होतं की शेतीचं पाणी हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे. दुसऱ्या खात्याच्या दप्तरात हे तळं फुटलेलं होतं. सव्वीस साली बांध फुटला होता हे खरं. पुढच्याच वर्षी गावाने तो बांधला, पण बांधल्याचं कळवायचं राहून गेलं होतं.

पाहणी करायचं गटार आदल्या वर्षी झालं होतं. मारम्माच्या देवळापासून निघून गल्लीगल्लीतून तळ्यापर्यंत. तळ्यापर्यंत अशासाठी, की कंत्राटदाराला दुसरा उतार सापडला नाही. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि तळाला फरशी होती. एवढं चांगलं दगडी काम गावात देवळालासुद्धा नव्हतं. त्यात बायका मिरच्या वाळवत. दुपारी शेळ्या बसत. पाणी त्यात कधी गेलं नाही, कारण गावाकडे सांडायला पाणीच नव्हतं. न्हाणीचं पाणी केळीला, भांड्यांचं अळूला, तांदळाचं धुवण म्हशीला. ही चाल इतकी जुनी होती की ती चाल आहे हेही कुणाच्या लक्षात नव्हतं.

साहेब एखादी वस्तू बघायला येणार म्हटलं की कुठलंही गाव जे करतं तेच कोंतनहळ्ळीने केलं. ती वस्तू स्वच्छ करायला घेतली. आणि पाण्याचं काम म्हणून ते मालोजीच्या घरावर आलं.

तीन दिवस लागले. मालोजी फावड्याने पाला आणि लेंड्या ओढत पुढे सरके. त्याची बायको सकवारबाई मागून खुरप्याने सांध्यांतलं गवत काढी. सून सोयराबाई शेवटी, गुडघ्यांवर बसून, नारळाच्या काथ्याने फरशी घाशी. तिचा नवरा बेंगळुरात गिरणीत होता आणि रविवारचा येई. या रविवारी आला, गटारात उतरलेली बायको बघितली आणि संध्याकाळच्या मोटारीऐवजी दुपारचीच धरली. दुसऱ्या दिवशी सोयराच्या गुडघ्यांची साल गेली, तेव्हा तिने खाली पोतं घेतलं. मालोजीची कंबर तिसऱ्या दिवशी धरली. तो सरळ उभा राहीना, म्हणून वाकलेलाच काम करत राहिला. वाकलेल्या माणसाला गटारात तसं सोयीचंच असतं.

बुधवारी सकवारबाईने गटाराच्या दोन्ही कडांना शेणाचा सडा घातला. गुरुवारी पहाटे सोयराने देवळापासून तळ्यापर्यंत रांगोळी ओढली. न्हाणीचा एक थेंबही आज इकडे यायला नको, असं मालोजी घरोघर सांगून आला. ते सांगायची तशी गरज नव्हती.

साहेब जीपमधून उतरले. तिशीचे, गोरे, डोक्याला हॅट. हयवदनरावांनी कानडीत स्वागत केलं तेव्हा साहेब जरा चाचरले. मग पलीकडे मालोजी आणि सकवारबाई हळू बोलत होती ते त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. साहेब पुण्याचे होते. नाव उपेंद्र देवधर. दोन वर्षं इथं होते आणि ऑफिसात हिंदीवर भागवत होते.

साहेब आपल्यातले निघाले म्हटल्यावर गावातल्या मराठ्यांचं अर्धं काळीज जागेवर आलं. ताक आलं. साहेब ते उभ्याने प्याले, मालोजीला मालोजीराव म्हणाले, इतकं जुनं मराठी ऐकून बरं वाटतं म्हणाले. मग तळ्याच्या काठी, जिथं गटार संपतं तिथं, त्यांनी एक पत्रा आडवा बसवला. पत्र्याला वरून खाली निमुळती होत जाणारी खाच होती. खाचेतून पाणी किती उंच वाहतं ते पट्टीने मोजायचं. साहेबांनी घड्याळ काढलं, पट्टी काढली, खुर्ची मागवली आणि बसले.

तासभर सगळे खाचेकडे बघत राहिले. एक मुंगळा खाचेतून पलीकडे गेला.

"इथं काही येत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"आज नाही साहेब. उद्याही नाही येणार," मालोजी म्हणाला. ही हमी देताना त्याची छाती थोडी पुढे आली होती.

मग घरातलं पाणी जातं कुठं, असं साहेबांनी विचारलं. सकवारबाईला हा प्रश्न आवडला. ती साहेबांना मागल्या दारी घेऊन गेली. न्हाणीच्या दगडाखालून निघालेली बोटभर चरी दाखवली, केळी दाखवल्या, अळू दाखवला. लग्न होऊन आल्यापासून या घरातलं पाणी तिने कधी वाया जाऊ दिलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत ते बघायला कुणी मोठा माणूस आला नव्हता.

"थेंब सांडत नाही आमच्यात," ती म्हणाली. "सगळ्या गावात विचारा. अण्णा आहेत, अक्का आहेत, कुणालाही विचारा."

साहेबांनी विचारलं. आणखी दहा घरं फिरले. सगळीकडे तेच. ते परत पत्र्यापाशी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं कौतुक होतं. त्यांनी वहीत लिहिलं आणि लिहिलेलं हयवदनरावांना वाचून दाखवलं. गटार आदर्श. देखभाल उत्तम. सांडपाणी शून्य. सबब पाण्याचा वापर शून्य. सबब तळ्यातलं सर्व पाणी शिल्लक.

हयवदनरावांनी ते कानडीत सांगितलं.

मालोजीने विचारलं की पाण्याचा वापर शून्य तर ही माणसं जगतात कशी. साहेब म्हणाले की प्रश्न बरोबर आहे, पण तो कायद्यात नाही. ते वाईट नव्हते. वाईट माणसाशी गाव भांडलं तरी असतं. त्यांनी मालोजीला बाजूला घेतलं आणि आपला माणूस म्हणून सल्ला दिला: फेरमोजणी एकदा मागता येते, महिन्याच्या आत. त्या वेळी गटारात पाणी दिसलं पाहिजे. आणि नितळ पाणी चालणार नाही, नितळ म्हणजे ते सांडपाणी नव्हे.

"घाण हवं," साहेब म्हणाले. "व्यवस्थित घाण."

रांगोळीवरून जीप गेली.

अर्ज गेला, तारीख आली. फाल्गुनातला सोमवार, सकाळी सहा ते नऊ. पंचायतीत ठरलं की त्या दिवशी प्रत्येक घराने आपलं पाणी गटारात सोडायचं. सगळे सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला अडचणी सुचू लागल्या. कुणाच्या केळीला घड धरला होता. कुणाची म्हैस दुभती होती. अंबुबाई देवळासमोरच राहायची. ती म्हणाली, मेल्यावर तोंडात घालायला पाणी नाही आणि गटाराच्या तोंडात कुठून घालू. शेवटी कबूल झाली ती दहा घरं, आणि त्यांतल्या चारांनी स्वल्प देतो म्हटलं.

तूब कुणाचा, तर नीरगंट्याचा. तेव्हा घाणही नीरगंट्याने करावी, असं गावाला वाटलं. असं कुणी बोललं नाही. फक्त कुणी आलं नाही.

मालोजीने गुऱ्हाळाच्या दोन काहिली मागून आणल्या आणि मारम्माच्या देवळापुढे, गटाराच्या डोक्याशी ठेवल्या. जवळपासच्या सहा घरांतून रांजण आणले. मग तिघांनी तळ्यातून पाणी वाहायला घेतलं. मालोजी कावडीने, सासू-सून घागरींनी. तळ्यापासून देवळापर्यंत चढ, अडीचशे पावलं. कावडीची काठी मालोजीच्या मानेच्या मुळाशी बसे, तिथं पहिल्या दिवशी लाल झालं, दुसऱ्या दिवशी फुगलं. सकवारबाई बांध चढताना मोठ्याने श्वास घेई आणि कुणी बघतंय असं दिसलं की श्वास आत धरी.

काहिलीत सोयरा शेण कालवी. चुलीची राख, म्हशीचं मूत, सडलेला पाला घालून ती काठीने ढवळी. पाणी हिरवट झालं की पुरे का असं सासूला विचारी. सासू आत बघे आणि म्हणे, अजून थोडं घाल. स्वयंपाकात ती असंच सांगे.

अंबुबाई पायरीवर बसून बघत होती. "सोयरा, देवीपुढं काय शिजवतीस गं एवढं?"

"साहेबांचं जेवण," सोयरा म्हणाली.

काहिली भरल्या की चालवून बघायला हवं होतं. मालोजीने एक काहील गटारात ओतली. पाणी फरशीवरून झरझर गेलं, गल्लीगल्लीतून वळलं, आणि तळ्यात पडलं. दगडी काम खरंच चांगलं होतं. धार मोठी पण लवकर आटोपणारी, म्हणून आणखी भरणं आलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मालोजीने कावड तळ्यात बुडवली तेव्हा घागरीत शेणाची तार आली. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. आपण कालचंच पाणी वाहतोय हे त्याला कळलं. त्याने घागर रिकामी केली नाही. वर नेऊन ओतायची तीच होती.

सोमवारी साहेब सहाला हजर. पत्रा बसला. देवळापाशी सोयरा आणि सकवारबाई काहिलींना टेकून उभ्या, मालोजी मधल्या गल्लीत. त्याने पंचा हलवला की वर ओतायचं. तीन तास तो पंचा हलवत होता आणि पंचा हलवून झाला की कावड घेऊन खेपा करत होता. दहा घरांपैकी सहांनी पाणी सोडलं. काहिली संपल्या, रांजण संपले. आठनंतर सोयरा घागर थेट तळ्यातून आणून, वाटेतच शेणाचा गोळा टाकून, धावत ओतत होती. तिच्या पातळाला शेणाचा वास येत होता. साहेब खाचेकडे बघत पट्टी वाचत होते. वर देवळाकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही. त्यांना समजलं नसेल असं नाही. पाहणी खाचेची होती.

नऊला त्यांनी हिशेब केला आणि पुन्हा केला. मग हसले.

"मालोजीराव, तुमचं गाव माणशी बेंगळुरातल्या बसवनगुडीपेक्षा जास्त पाणी वापरतं."

कायद्याने तळ्यात थेंबभरही शिल्लक नव्हती. पंप येणार नव्हता. तूब राहिला. गावाने नारळ फोडला आणि मालोजीला खांद्यावर घ्यायची भाषा केली, पण त्याच्या अंगाला वास येत होता म्हणून ते राहिलं. पाणी सोडलं नव्हतं त्या घरांनी जास्त ओरडा केला.

पाडवा झाल्यावर दुसरा कागद आला. हयवदनरावांनी तो आधी स्वतः दोनदा वाचला आणि मग मालोजीला एकट्यालाच बोलावलं.

कागदात गावाचं अभिनंदन होतं. पुढे लिहिलं होतं की ज्या तळ्यात रोज एवढं सांडपाणी पडतं त्याला कायद्याप्रमाणे पाण्याचं तळं म्हणता येत नाही. ते सांडपाण्याचं तळं होय. माळावरच्या कॉलनीला पाणी दुसरीकडून मिळेल. मात्र कॉलनीचं सांडपाणी जवळच्या सांडपाण्याच्या तळ्यात सोडण्यात येईल. तळं आणि तूब आजपासून खात्याचे. तूब उघडायला माहीतगार माणूस लागणार म्हणून मालोजीची नेमणूक केली आहे. सोबत एक खाकी सदरा.

फेरमोजणी मागू, मालोजी म्हणाला. हयवदनराव म्हणाले की ती एकदाच असते. मग त्यांनी सदरा त्याच्या हातात दिला. तो त्याला दंडात घट्ट होता.

जेठात कॉलनीची मोरी तळ्यात आली. तीनशे बिऱ्हाडं अंघोळ करत होती, कपडे धूत होती, आणि शहरातून येताना त्यांनी शौचकूपही सोबत आणले होते. बांध बांधल्यापासून तळं पहिल्यांदाच पावसावाचून भरलं. काठाला राखाडी फेस जमला. बगळे गेले आणि डुकरं आली. म्हशी काठापर्यंत जात, मुस्कटं वर करत आणि परत फिरत. प्यायचं पाणी बायका आता पलीकडच्या शिवारातल्या विहिरीवरून आणत होत्या, येऊन-जाऊन दीड तास. केळी मात्र वाळल्या नाहीत. सकवारबाई त्यांना अजूनही न्हाणीचं पाणी देत होती. आता तर एक थेंबही गटारात जाऊ द्यायचा नाही अशी तिने सुनेला ताकीद दिली होती. ताकीद कशासाठी, हे सुनेने विचारलं नाही.

आषाढात पाऊस लांबला. भाताची रोपं वाफ्यात पिवळी पडू लागली. आठ दिवसांत लावणी झाली नसती तर ती तिथंच गेली असती. तूब उघडायचा ठरला. या मोसमात तो पहिल्यांदा खात्यातर्फे उघडणार, म्हणून साहेबही आले.

सकाळी सगळं गाव पाटाच्या काठी उभं होतं. हातात फावडी, पदर नाकाला. मालोजी खाकी सदऱ्यात होता. सदरा काढून तो पाण्यात उतरला, छातीपर्यंत गेला, दगडी चौकटीला धरून बुचाची दांडी हलवली. वर आला तेव्हा त्याच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांना फेस होता. बांधाच्या अलीकडे तुबाच्या तोंडातून आधी वास आला, मग पाणी.

पाणी काळं नव्हतं. डाळीच्या धुवणासारखं होतं.

कुणीही पाटात पाय घातला नाही. सगळे मालोजीकडे बघत होते. साहेबांनी हळूच विचारलं की आता कशासाठी थांबलेत. हयवदनरावांनी ओंजळीचं सांगितलं. साहेबांना ते आवडलं. जुन्या चालीरीती टिकायला हव्यात, असं ते म्हणाले.

तेव्हा सकवारबाई पुढे झाली. तिने तुबाखाली हात धरले, ओंजळ भरली आणि ती सांडू न देता साहेबांपुढे आली.

"घ्या साहेब."

साहेब एक पाऊल मागे सरले. "मी कसा?"

"ज्याचा तूब त्याची ओंजळ. तूब तुमचा झालाय. कागद आहे आमच्याकडे."

साहेबांनी हयवदनरावांकडे बघितलं. हयवदनराव रोपांकडे बघत होते. हे पाणी पिण्याजोगं नाही, असं साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. आपण स्वतःच तसं लिहून दिलेलं आहे, असंही त्यांनी सांगितलं. सकवारबाईच्या बोटांतून पाणी गळत होतं. ती तशीच उभी राहिली आणि साहेबांच्या हॅटपासून बुटापर्यंत सावकाश बघितलं, बाजारात बैल बघतात तसं. घ्यायचा नसलेला.

"सोड," मालोजी म्हणाला.

तो पाटात उतरला होता. खाली वाफ्यात रोपं पिवळी होती आणि साठ घरांची फावडी खांद्यावर होती. त्याने तुबाखाली ओंजळ धरली. भरली. दर वर्षीप्रमाणे डोळे मिटले, पूर्वेला तोंड केलं आणि प्याला. गळ्याची गाठ तीनदा वर-खाली झाली. तो थुंकला नाही. ओठ पुसले नाहीत. हात झाडले आणि फावडं मागितलं.

मग गाव पाटात उतरलं. सोयराने पदर नाकावरून काढून कमरेला खोचला. कुणी मालोजीकडे बघत नव्हतं. सगळे भराभर आपापल्या शेताच्या बाऱ्याकडे पाणी वळवत होते, आणि पाणी भरपूर होतं.

साहेबांनी वही उघडली. तळ्याच्या पाण्याविषयी ग्रामस्थांचं म्हणणं, असा एक रकाना नव्या कायद्याने ठेवला होता. ते क्षणभर थांबले. मग लिहिलं: पाणी ग्रामस्थ अद्याप पिण्यास वापरतात, समक्ष पाहिले. तक्रारी शून्य.